अनुभव धागा : मुलांना घेऊन सिंहगड–राजगड–तोरणा, पाठीवर सामानासह

धागाकर्ता

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे सिंहगड, राजगड आणि तोरणा अशी सलग वाट चालायचे म्हणतो आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा. पहिल्या दिवशी सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याने उतरून विंझरमार्गे गुंजवण्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी राजगडावर पद्मावती माचीवर, आणि तिसऱ्या दिवशी आळू दरवाज्याने निघून धारेवरून तोरणा करून वेल्ह्यात उतरायचे, असा बेत आहे. एका दिवसाचे ट्रेक मुलांनी केले आहेत; परंतु ओझे घेऊन लागोपाठ तीन दिवस चालणे हे वेगळे प्रकरण आहे, याची मला आता रात्री झोपताना जाणीव होऊ लागली आहे. कोणत्या कंपनीची सॅक घ्यावी यापेक्षा तुमच्या घरात प्रत्यक्ष काय घडले ते कृपया लिहावे. फसलेले बेत विशेष आवडीने वाचले जातील.

कोथरूड, दोन मुलांची आई

आम्ही पावसाळा संपताच सुरुवात केली आणि जवळजवळ तीन महिने दर रविवार त्यासाठी राखून ठेवला. पहिले काही रविवार वेताळ टेकडी, तीही मोकळ्या हातांनी. मग पाण्याची बाटली, आणि त्यानंतर सॅक. सिंहगड आम्ही आतकरवाडीच्या पायवाटेने चढायचो, कारण जेमतेम पावणेतीन किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटरची चढण मिळते आणि वर मडक्यातल्या दह्याचे आमिष दाखवता येते.

सॅकच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो. मुलगा रोज दप्तर नेतोच, मग तेच चालेल, असे आम्ही गृहीत धरले. त्याचे वजन 27 किलो आणि दप्तरातले ओझे अडीच किलो, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, हिशेबाने सगळे ठीक होते. परंतु दप्तराला कमरेचा पट्टा नसल्यामुळे ते उतारावर हेलकावे खात होते आणि ते सावरण्यासाठी तो दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांत अडकवून चालत होता. घसाऱ्यावर पाय सटकला तेव्हा त्याला हात वेळेत मोकळे करता आले नाहीत, आणि हनुवटीला तीन टाके पडले. त्यानंतर लहान मापाची, कमरेला आणि छातीला पट्टा असलेली सॅक घेतली. दुकानात ती रिकामी न घालता आत दोन पाण्याच्या बाटल्या भरून त्याला पायऱ्या चढायला लावल्या. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याला इलाज नाही.

सहकारनगर, एका मुलीचे वडील

आमचा अनुभव निव्वळ फजितीचा आहे. मुलगी नऊ वर्षांची असताना मार्चमधल्या पौर्णिमेच्या रात्री आम्ही कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाकडे निघालो. माझा हिशेब किलोमीटरचा होता: पंधरा-सोळा किलोमीटर, तासाला दोन-अडीच, म्हणजे उजाडायला गडाच्या रस्त्यावर. तिचा हिशेब टेकड्यांचा होता, आणि तोच खरा होता, कारण या वाटेवर मिळवलेली प्रत्येक उंची उतरून पुन्हा नव्याने चढावी लागते. चौथ्या टेकडीचा मुरमाड उतार ती बसूनच घसरत उतरली आणि खाली आल्यावर म्हणाली, "बाबा, ही पुढची टेकडी मघाचीच आहे ना?" मी हसलो. दहा पावलांनंतर लक्षात आले की ती चालता चालता झोपते आहे.

वाटेत पाणी नव्हते आणि माणशी दोन लिटरांपैकी निम्म्याहून अधिक संपले होते. मधून बाहेर पडायची वाट मी आधी शोधून ठेवलेली नसल्यामुळे त्याच चार टेकड्या तिला पाठीवर घेऊन, तिची सॅक छातीशी बांधून मला परत चढाव्या लागल्या. म्हणून धागाकर्त्यांना सांगावेसे वाटते की आपला तिसरा दिवस मुलांसाठी फार लांब आहे. राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या धारेला छेदून एक डांबरी रस्ता जातो. तिथे गाडी बोलावून ठेवावी आणि तोरणा चढायचा की नाही, हे त्या रस्त्यावर उभे राहून ठरवावे. त्याच्या पुढे बुधला माचीच्या अलीकडे खडकाळ चढाई आहे. दमलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ती दुपारी तीन वाजता दाखवू नये.

औंध, बालरोगतज्ज्ञ आणि हौशी ट्रेकर

दोनच गोष्टी लिहितो. मीठ-साखरेचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत संपूर्ण ओतणारे पालक मी दर ट्रेकला पाहतो, आणि असे दाट पाणी मुलाला अपाय करू शकते. दुसरे म्हणजे, निघण्याच्या तीन-चार दिवस आधी मुलांच्या पायांची नखे कापावीत. चढावर सगळे जपतात, परंतु बोटे उतारावर बुटाच्या टोकाला आपटतात आणि नख काळे पडते. टाच लाल दिसताच तिथे चिकटपट्टी लावावी. फोड येईपर्यंत थांबू नये. मूल स्वतःहून सांगत नाही, तेव्हा प्रत्येक मोठ्या थांब्यावर मोजे काढून पाहावे.

नारायण पेठ, आजी

मी गडावर जात नाही, डबा देते. पहिल्या वर्षी सुनेने बाजारातली पाकिटे नेली आणि मुलांनी त्यांना हात लावला नाही. तेव्हापासून दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची कोरडी चटणी, गुळाची ढेप आणि बिया काढलेला खजूर, एवढे ठरलेले आहे. दशम्या पूर्णपणे गार झाल्यावर सुती कापडात गुंडाळाव्यात. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये बांधल्या तर दुसऱ्याच दिवशी आंबूस होतात. घरी जे मूल खात नाही, ते गडावर भूक लागल्यावर खाईल, ही आशा सोडावी.

वानवडी

कड्यांना आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. मुलांना हे घरीच बजावावे.

सिंहगड रस्ता, वय वर्षे चौदा

बाबांनी मला लिहायला सांगितले आहे, पण मी त्यांच्याविरुद्धच लिहिणार आहे. राजगडावर चोर दरवाज्याने चढताना ते मला "आता थोडेच राहिले" असे इतक्या वेळा म्हणाले की मी मोजू लागलो; अकरा वेळा झाले. मुलांना खरे अंतर सांगावे. नकाशा माझ्या हातात दिला त्या दिवसापासून मला कमी दमायला झाले, कारण पुढचा थांबा कुठे आहे हे मला ठाऊक होते. आणखी एक, रात्री खाऊ सॅकमध्ये ठेवू नये. उंदराने माझी सॅक कुरतडून चिक्की नेली. खाऊची पिशवी दोरीने उंच टांगावी.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर गाडी ठेवण्याचे ठरवले आहे आणि तोरणा ऐच्छिक केला आहे. मुलीला हे मान्य नाही, मुलाला लगेच मान्य झाले. काल दोघांच्या सॅका वाणसामानाच्या काट्यावर टांगल्या. मुलाची भरली साडेतीन किलो, जी त्याच्या मानाने जास्त आहे. उघडून पाहिली तर तळाशी क्रिकेटचा चेंडू आणि दोन कॉमिक्स निघाली. चेंडू राहील, कॉमिक्स माझ्या सॅकमध्ये आली आहेत. रविवारी आतकरवाडीने सिंहगड, या वेळी सगळ्या ओझ्यासह.

एक प्रश्न उरतो. गुंजवण्यात मुक्कामाला घरगुती सोय घ्यावी की तंबू न्यावा? तंबूचे अडीच किलो मलाच उचलायचे आहेत, म्हणून विचारतो.