टाचण कधी काढायचं? मदत हवी आहे

खडूधूळ:
शाळेत पाठांच्या नियोजनाला वेळच मिळत नाही. टाचणवही आठवडाभर कोरी आहे आणि सोमवारी केंद्रप्रमुख तपासायला येणार. तुम्ही सगळे कधी बसता टाचणाला? ऑफ तासाला बसा म्हणून सांगू नका, इथे ऑफ तास नसतो.

दिवेलागण:
इयत्ता? जि.प. की खासगी?

जुना फळा:
मी चौतीस वर्षं रविवारी सकाळी रेडिओ लावून टाचण काढलं. कुरकुर केली नाही.

बोरूबहाद्दर:
गुरुजी, तेव्हा रोजचा पोषण आहार मोबाइलवर भरावा लागायचा का?

खडूधूळ:
जि.प.च, अर्थात. पहिली ते चौथी.

दिवेलागण:
अर्थात काय! शिक्षक किती?

खडूधूळ:
दोन. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. दुसऱ्या मॅडम बीएलओ, सध्या मतदारयादीच्या कामावर.

दिवेलागण:
म्हणजे चारही वर्ग तुमच्याच गळ्यात. हे आधी नको का सांगायला?

नियमावली:
शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची बघा. आठवड्याचे किमान ४५ तास, पूर्वतयारी धरून. तयारी घरी नेऊच नका. आणि कलम २७ दाखवून बीएलओचं काम नाकारा.

बोरूबहाद्दर:
कलम २७ पूर्ण वाचलंत का? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलीय. नाकारा म्हणे! नोटीस तुम्हाला येणार आहे का?

सोनचाफा:
माझ्याकडे चारही इयत्तांच्या तयार टाचणाची पीडीएफ आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बोरूबहाद्दर:
आमच्याकडे एकाने तीच उतरवली, वर भलत्याच शाळेचं नाव तसंच. केंद्रप्रमुखांनी परिषदेत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

कोरा कागद:
आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल सुरू झालं का हो?

दिवेलागण:
इथे नको. @खडूधूळ, चार वर्गांची चार टाचणं काढूच नका. मी द्विशिक्षकीत सात वर्षं काढलीत. बेरीज घेतली की सगळ्यांनाच बेरीज: पहिली चिंचोके मोजते, तिसरी हातच्याची करते, चौथी शाब्दिक उदाहरणं एकमेकांना घालते. टाचण एकच, पान एकच, चार रकाने. परिपाठानंतर चौथीची पोरं पहिलीला वाचून दाखवतात, ती वीस मिनिटं माझी. उरलेलं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, वर्गातच बसून. वही पिशवीत गेली की संपलं.

जुना फळा:
रविवार काय वाईट होता?

खडूधूळ:
रकान्यांचं करून बघते. केंद्रप्रमुखांना चालेल का पण?

दिवेलागण:
आमच्याकडे चाललं. वर 'बहुवर्ग अध्यापन' लिहा ठळक.

खडूधूळ:
बरं. नंतर येते, तांदळाची गाडी आलीय, पोती मोजून घ्यायचीत.