मदत हवी आहे: बायकोची पाठ म्हणते आरव्ही, माझं मन म्हणतं तंबू

ओलाफ्लाय:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

तर झालंय असं की मी ५३, बायको ५०, आणि गेली वीसेक वर्षं आम्ही तंबू घेऊन हिंडतोय. मुलं लहान होती तेव्हा चार जणांचा होता, आता ती येत नाहीत म्हणून दोघांचा बुटका घुमट आहे. वर्षातून तीन-चारदा, दोन-तीन रात्री. आता ही म्हणते बास झालं, यापुढे जायचं तर आरव्हीने, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीने, नाहीतर तू एकटा जा.

याला कारण गेली ट्रिप. एका ओळखीच्या जोडप्याबरोबर गेलो होतो, ते त्यांच्या आरव्हीत आणि आम्ही शेजारी तंबूत. रात्रभर पाऊस. सकाळी साडेसहाला मी चिखलात उभा राहून फ्लाय (तंबूवरचं पावसाचं कापड) झटकतोय आणि समोर ते दोघं काचेच्या आत कोरड्या मोज्यांवर बसून चहा पितायत. ही त्या खिडकीकडे ज्या नजरेने बघत होती ना, त्या नजरेने तिने माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही 😀

मग म्हटलं बघू तरी, चार दिवस भाड्याने घेतली, साडेसात मीटर लांब. खरं सांगतो, मला नाही जमलं. पोचल्यावर पहिला तास चाकांखाली ठोकळे घाल, परत खाली उतरून स्पिरिट लेव्हल बघ, परत अर्धा इंच पुढे घे, यात गेला. रात्री पाण्याचा पंप मधेच गुरगुरायचा, हीटरचा पंखा चालू-बंद चालू-बंद, आणि मी प्रत्येक वेळी जागा. पण हे सगळं सवयीने जाईल हे मलाही कळतं, माझं दुखणं वेगळंय. तंबूत कापडाच्या पलीकडे सगळं चालू असतं, वारा फिरला की कळतं, पहाटे पहिला पक्षी ओरडतो तो उशीपाशी बसल्यासारखा. आरव्हीत सकाळी पडदा सरकवला तेव्हा कळलं की रात्रभर धुकं होतं. मी त्यात झोपलो होतो आणि मला पत्ता नाही!

बायको मात्र चारही रात्री गाढ झोपली. आणि सकाळी कंबर धरून उठली नाही. इथे माझे सगळे मुद्दे संपतात.

आता प्रश्न. आरव्हीवाल्यांनो, ती हळूहळू आवडायला लागते का, की मी विकत घेऊन जन्मभर कुढत बसणार? आणि तंबूवाल्यांनो, या वयात पाठ सांभाळून तंबूत झोपायचं काही खरंच जमतं का, म्हणजे 'जाड गादी घ्या' याच्यापुढे काही? हवेची गादी आहे आमची, चांगली वीतभर जाड, तरी ही पहाटे थंडीने आखडते. गाडीच्या छतावरच्या तंबूबद्दलही ऐकलंय, तो मधला मार्ग होईल का?

चाकांवरचा_संसार:

सहा वर्षं ट्रेलर वापरतोय, त्याआधी तंबूच होता, तेव्हा दोन्हीकडचा मार खाल्लेला आहे.

आवडायला लागते, पण वेगळी म्हणून. तंबूसारखी म्हणून बघाल तर कायम नापास होईल. आणि कोणी सांगत नाही ते सांगतो, आरव्ही म्हणजे चालतं घर, आणि घर म्हटलं की घराची कामं आली. १५० लिटर पाणी भरलं म्हणजे दीडशे किलो वजन वाढलं, ब्रेक लावताना जाणवतं. संडासाची टाकी म्हणजे ब्लॅक टँक, तिचा व्हॉल्व्ह हुकअपवर, म्हणजे कॅम्पच्या वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडणीवर असतानाही उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी निघून जातं आणि उरलेलं आत ढिगारा होऊन वाळतं, तो काढायची वेळ शत्रूवरही येऊ नये. रिकामी करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे (अंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे पहिल्या वर्षी मी उलटं करत होतो. जास्त विचारू नका.

लेव्हलचं म्हणाल तर तो नुसता झोपेचा प्रश्न नाही, गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज असेल तर तो तिरका राहिला की गार करणं सोडतो आणि वर कायमचा बिघडूही शकतो. कॉम्प्रेसरवाल्याला तेवढं काही नसतं.

हुकअप नसलेल्या जागी जाणार असाल तर बॅटरीचं गणित आधी करा. १०० अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर आयुष्य घटतं. हीटर गॅसवर चालला तरी त्याचा पंखा बॅटरी खातो, ६-७ अँपिअर धरा, थंडीच्या रात्री एकूण पाच तास फिरला तर तीस-पस्तीस तिथेच गेले. आम्ही पहिल्या ट्रिपला पहाटे चारला अंधारात आणि गारठ्यात. तंबूपेक्षा थंड असतो हो तो डबा, हीटर बंद पडल्यावर!

एवढं सगळं असून विकणार का विचाराल तर नाही. पावसात दार उघडून पायरीवर बसायचं सुख मला तंबूने कधी दिलं नाही.

खुंटी_दोरी:

दादा, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, "हवेची गादी, वीतभर जाड". आत नुसती हवा आहे ना? मग ती हवा आतल्या आत फिरत राहते, अंगाची ऊब घेते आणि खाली जमिनीला नेऊन देते. जाडीचा आणि उबेचा संबंध नाही. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून आकडा असतो तो बघा, जितका जास्त तितकी ऊब टिकते. साध्या हवेच्या गादीचा जेमतेम १ च्या आसपास, बंद फोमच्या पातळ चटईचा साधारण २, इन्सुलेशन भरलेल्या चांगल्या मॅटचा ५-६ सुद्धा असतो. विकत घेताना एएसटीएम एफ३३४० या चाचणीचा आकडा आहे का तेवढं बघा, म्हणजे दोन कंपन्यांची तुलना करता येते. आणि गंमत म्हणजे हे आकडे बेरीज होतात, ४ च्या मॅटखाली २ ची फोम चटई टाकली की ६.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात, कम्फर्ट आणि लिमिट. कम्फर्ट हा आकडा आरामात पसरून झोपलेल्या सरासरी बाईचा धरतात आणि लिमिट हा अंग मुडपून झोपलेल्या सरासरी पुरुषाचा. दुकानात मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा लिमिटच छापलेलं असतं आणि आपण तेच बघून दोघांना एकसारखी बॅग घेतो. वहिनी पहाटे आखडतात यात नवल काय?

पाठीसाठी कॉट घ्या, म्हणजे फोल्डिंग खाट. उठताना पाय खाली सोडून उठता येतं, जमिनीवरून रांगत उठावं लागत नाही. पण कॉटखालून वारा फिरतो तेव्हा मॅट वर पाहिजेच. आणि तो बुटका घुमट देऊन टाका कोणाला तरी. उभं राहून पँट चढवता येईल असा तंबू घ्या, पन्नाशीनंतर ही चैन नाही. फक्त उंच तंबू वाऱ्यात शीड होतो, तेव्हा सगळ्या दोऱ्या ताणायच्या, दोनच बांधून 'चलता है' करायचं नाही.

एक धोक्याचं सांगून ठेवतो, कितीही थंडी असली तरी शेगडी किंवा गॅस हीटर तंबूच्या आत लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

निशाचर_मावशी:

सगळे अँपिअर आणि आर-व्हॅल्यू झाले, वहिनींना कोणी विचारलं का? धागाकर्ते, "पाठ" हे तुम्ही सांगताय. त्यांना तंबूत नेमकं काय नको झालंय हे एकदा शांतपणे विचारा आणि इथे येऊन लिहा. माझा अंदाज आहे, पण मी आत्ता सांगणार नाही.

डोंगर_एकटा:

एकटा जा म्हणतेय ना? मग जा की. लोकांना अशी परवानगी मागून मिळत नाही 😂

ओलाफ्लाय:

@डोंगर_एकटा, दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. दुसऱ्या संध्याकाळी कोणाला काय दाखवायचं कळेना, परत आलो.

@निशाचर_मावशी, विचारलं. मला वाटलं होतं पाठ म्हणेल. तर म्हणाली पाठ तिसरी. पहिलं म्हणजे रात्री तीनला उठून बॅटरी शोधायची, ओले बूट घालायचे, दीडशे पावलं चालून टॉयलेटला जायचं, आणि त्या भीतीने ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. वीस वर्षं!! मला माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे सकाळी तोंडावर टपटपणारं पाणी, तंबू गळतो आणि मी नुसता 'दव आहे' म्हणून वेळ मारून नेतो असं तिचं म्हणणं. आणि मग पाठ.

निशाचर_मावशी:

हाच अंदाज होता. माझीही तीच कथा, आणि माझ्या सगळ्या मैत्रिणींची. छोटा पोर्टेबल टॉयलेट मिळतो, खाली टाकी वर बसायची सीट, तो तंबूशेजारी एका उंच अरुंद तंबूत ठेवायचा. दहा पावलं. सकाळी रिकामा कोण करणार हे निघायच्या आधी ठरवा आणि उत्तर "मी" असू द्या. आरव्ही घेतलीत तरी ते काम चुकत नाहीच.

छतावरच्या तंबूचा विचार याच कारणासाठी सोडा. झोपायला मस्त, जमिनीपासून वर, गादी आत तयार. पण रात्री तीनला शिडी उतरायची! शिवाय चालत्या गाडीच्या छताला किती वजन झेपतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते बघून लोक गप्प होतात.

खुंटी_दोरी:

टपटपणारं पाणी बहुतेक गळती नाही, तुमचाच श्वास. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, थंड फ्लायला आतून तो लागतो आणि पाणी होतं. थंडी म्हणून तुम्ही वरच्या खिडक्या बंद करत असणार, तिथेच चुकतं. वरची आणि खालची दोन्ही थोडी उघडी ठेवा, हवा फिरली पाहिजे. नायलॉनचा फ्लाय भिजला की सैल पडतो आणि आतल्या कापडाला चिकटतो, म्हणून झोपायच्या आधी दोऱ्या परत एकदा ताणा. आणि खालची ग्राउंडशीट तंबूच्या बाहेर डोकावत असेल तर दुमडून आत घ्या, नाहीतर पावसाचं पाणी ती गोळा करून तुमच्याच खाली आणते.

चाकांवरचा_संसार:

मी आरव्हीवाला असून सांगतो, आत्ता विकत घेऊ नका. आधी हे करून बघा, आणि परत एकदा लहान आरव्ही भाड्याने घ्या, पाच-साडेपाच मीटरवाली. साडेसात मीटर पहिल्यांदाच म्हणजे पोहायला शिकायला थेट समुद्रात. छोटीत खिडकी उघडून झोपलं की पक्षीही ऐकू येतात, धुक्याची हमी देत नाही.

ओलाफ्लाय:

अपडेट, दोन महिन्यांनी. उशीर झाला, सॉरी.

उंच तंबू मित्राकडून उसना आणला, कॉट दोन, तिच्यासाठी ६ ची मॅट, माझ्यासाठी ४ ची वर फोम चटई, आणि ते पोर्टेबल प्रकरण. सामान इतकं झालं की गाडीत बसून मीच म्हटलं यापेक्षा आरव्ही बरी. दोन रात्री राहिलो. पहिल्या रात्री ही रात्रीच्या जेवणानंतर दोन ग्लास पाणी प्यायली, मुद्दाम, माझ्याकडे बघत. रात्री एकदा उठली, परत आली, सकाळी सातपर्यंत झोपली. वरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर पाणी टपकलं नाही, फक्त माझं नाक गार पडलं. मी मात्र पहिल्या रात्री कॉटवरून एकदा खाली आलो, कूस बदलायची सवय जमिनीची आहे ना.

परतताना विचारलं, मग आता आरव्ही कॅन्सल? तर म्हणाली, "कॅन्सल असं मी म्हटलेलं नाही, पावसाळी ट्रिपा तिच्यात आणि कोरड्या तंबूत." त्यामुळे पुढच्या वेळी पाच मीटरवाली भाड्याने बघतोय, ठोकळे आणि स्पिरिट लेव्हल आत्तापासून मनात घोळतायत.

मावशी, टाकी मीच रिकामी केली. दोन्ही दिवस.

आता नवीन मदत हवी आहे. कॉटच्या पायाने तंबूच्या तळाला करंगळीएवढं भोक पडलंय आणि तंबू मित्राचा आहे. पॅच कसला लावू?

खुंटी_दोरी:

आधी कापड बघा. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असेल तर नेहमीचा चिकटपट्टी पॅच स्पिरिटने पुसून लावा, कोपरे गोल कापून. सिलिकॉन कोटिंग असेल तर त्यावर तो चिकटणारच नाही, सिलिकॉनचाच गोंद लागतो. आणि पुढच्या वेळी टेनिस बॉलला चीर देऊन कॉटच्या पायांना घाला. मित्राला अजून सांगितलं नसेलच ना?

ओलाफ्लाय:

नाही. आधी पॅच, मग मित्र.