आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना का स्वीकारली?

प्रश्न : चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी येथे 36 दिवसांच्या सल्लेखनेनंतर (आहार टप्प्याटप्प्याने सोडून मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याचे जैन व्रत) 18 सप्टेंबर 1955 रोजी देह ठेवला. प्राणघातक आजार नसताना त्यांनी हा निर्णय का घेतला, आणि जैन परंपरा याला आत्महत्या का मानत नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : मुख्य कारण त्यांची मंदावलेली दृष्टी हे होते. दिगंबर मुनीला चार हात पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकावे लागते, आणि दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत घेतलेल्या आहारात जीवजंतू नाहीत ना, हे प्रत्येक घासाला स्वतः पाहावे लागते. डोळेच साथ देईनासे झाले, की अहिंसा महाव्रत निर्दोष पाळता येत नाही. उपसर्ग (बाहेरून ओढवलेले संकट), दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य रोग यांवर उपाय उरला नसेल तरच सल्लेखना घ्यावी, असे प्राचीन जैन आचार्य समंतभद्र यांनी रत्नकरंड श्रावकाचार या ग्रंथात सांगितले आहे. शिवाय, मरण लवकर यावे अशी इच्छा धरणे हा या व्रतातला अतिचार, म्हणजे दोष, मानला जातो; आत्महत्येपासूनचा भेद मला तरी इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. उपवासाच्या 26 व्या दिवशी शांतिसागर महाराजांनी मराठीतून केलेला अखेरचा उपदेशही मरणाविषयी नसून आत्मचिंतन आणि संयम यांविषयी होता.

उत्तर 2 : वरील उत्तर योग्यच आहे, परंतु सल्लेखनेपुरतेच त्यांना पाहिले तर त्यांचे खरे कार्य नजरेआड होते. बेळगाव जिल्ह्यातील भोजच्या पाटील घराण्यातील सातगौडा (महाराजांचे पूर्वाश्रमीचे नाव) यांनी 1920 मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली, तेव्हा दक्षिणेतले मोजके मुनी आहारासाठी गावात जाताना वस्त्र पांघरत आणि उपाध्यायाने (मंदिराच्या पुजाऱ्याने) आधीच ठरवलेल्या घरी आहार घेत. ही सवलत त्यांनी नाकारली आणि मूळ आचार पुन्हा रूढ केला. समडोळी येथे 1924 मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले.

उत्तर 3 : एक वादग्रस्त प्रकरणही नोंदवायला हवे. मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा जैन मंदिरांना लागू करण्याच्या विरोधात त्यांनी 1948 पासून अन्नत्याग केला, म्हणजे धान्य वर्ज्य केले, आणि 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय आल्यानंतरच ते पुन्हा घेतले. जैन धर्म हिंदू धर्माहून स्वतंत्र आहे, हा त्यांचा आग्रह मला मान्य आहे. मात्र त्यासाठी निवडलेला प्रश्न अस्पृश्यांच्या प्रवेशाचा होता, ही गोष्ट त्यांच्याविषयी आदर असूनही मला खटकते.