हरिकेन विमानाच्या मॉडेलची काच आतून दुधाळ झाली आहे. काच आणि बारीक भागांचे काम कसे पुरे करावे?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि गेली तीन-चार वर्षे फावल्या वेळात प्लॅस्टिकची विमाने जोडतो. सध्या टेबलावर १ : ७२ प्रमाणातील हॉकर हरिकेन मार्क २ सी हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने हरिकेन विमानेच उडवली होती, म्हणून हे विमान निवडले. पंख, धड आणि कॅमोफ्लाजचा रंग येथपर्यंतचे काम मनासारखे झाले, आणि नंतर काचेपाशी सगळे बिघडले.

जुलैमध्ये, बाहेर संततधार चालू असताना आणि खोलीच्या खिडक्या बंद असताना, मी कॅनोपी (वैमानिकाच्या जागेवरची पारदर्शक काच) झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूने बसवली. रात्री काच स्वच्छ होती. सकाळी पाहतो तर तिने आतल्या बाजूने साय धरल्यासारखे दिसत होते, आणि डाग आत असल्यामुळे बाहेरून कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. काचेवरच्या चौकटीही अजून रंगवायच्या आहेत. मागच्या विमानावर त्या मी बारीक ब्रशने रंगवल्या होत्या आणि त्या गगनबावड्याच्या घाटासारख्या वळल्या होत्या. हरिकेनच्या हुडवर, म्हणजे कॅनोपीच्या सरकत्या भागावर, तर पट्ट्यांचे जाळेच आहे. याखेरीज पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) दोनदा मोडली असून चारांपैकी एक तोफनळी चिमट्यातून उडाली ती अद्याप सापडलेली नाही. काच वाचेल का, आणि उरलेले भाग कोणत्या क्रमाने लावावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कानसवाला

काच बहुधा वाचेल. ती दुधाळ का झाली हे आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या विमानाला तेच होणार नाही. सुपर ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो घट्ट होत असताना त्याची थोडी वाफ बाहेर पडते, जवळच्या पृष्ठभागावर बसते आणि हवेतील ओलाव्यामुळे तेथेच तिचा पांढरा, कडक थर बनतो. कॉकपिट बंद असल्यामुळे आपल्या विमानातील वाफेला बाहेर जाण्यास वाट नव्हती आणि कोल्हापूरच्या जुलैतील हवेला ओलाव्याची ददात नाही. पोलिसांच्या प्रयोगशाळेत वस्तूंवरील बोटांचे ठसे याच वाफेने उठवतात, त्यामुळे काच काढल्यावर आतल्या बाजूला आपल्याच अंगठ्याचा ठसा दिसला तर नवल वाटू देऊ नये.

काच सोडवण्यासाठी अ‍ॅसिटोन किंवा एनसी थिनर (रंग पातळ करण्याचा तीव्र द्रव) मुळीच वापरू नये, कारण किटची काच पॉलिस्टायरीनची असते आणि या द्रवांनी ती तडकते किंवा विरघळते. त्याऐवजी विमान हवाबंद पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवावे. हा गोंद थंडीत ठिसूळ होतो, मग सांध्यात पातळ पाते सरकवून हलकेच पिळ दिला की पुष्कळदा सांधा तुटतो. ‘पुष्कळदा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे; माझ्या दोन काचा सुटल्या आणि तिसरीला कोपऱ्यात तडा गेला. बाहेर काढल्यावर विमान खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर गार प्लॅस्टिकवर लगेच पाणी धरते.

काच हाती आली की आतला थर घासूनच काढावा लागतो. गाडीच्या रंगाच्या दुकानात २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर मिळतो. त्याचा नखाएवढा तुकडा टूथपिकच्या बोथट टोकावर गुंडाळून, पाण्यात भिजवून घासावे. कोरडे घासल्यास ओरखडे खोल जातात. त्यानंतर रबिंग कंपाउंड किंवा साधी पांढरी टूथपेस्ट मऊ सुती चिंधीवर घेऊन चोळावी. या टप्प्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसते आणि माणूस घाबरतो, पण येथे थांबू नये. काच सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, पाण्यात मिसळणाऱ्या ग्लॉस अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवावी, कडेला जमलेला थेंब टिश्यू पेपरने टिपून घ्यावा आणि धूळ बसू नये म्हणून स्टीलच्या वाटीखाली दोन दिवस झाकून ठेवावी. उरलेले सूक्ष्म ओरखडे वार्निशने भरले जातात आणि काच उजळते. वार्निश आधी किटच्या काचेच्या स्प्रूवर, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात त्या सांगाड्यावर, तपासून पाहावे. या वार्निशवर पुढे कधी अल्कोहोलचा बोळा फिरवू नये, कारण अल्कोहोलने ते निघून येते.

काच पुन्हा बसवताना साधा फेव्हिकॉल पुरतो. टूथपिकने कडेला अगदी पातळ रेघ ओढावी आणि बाहेर आलेला गोंद ओल्या इअरबडने पुसावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, त्याची वाफ काच धुरकट करत नाही आणि चुकल्यास पाण्याने सुटतो. पावसाळ्यात मात्र त्याला रात्रभर हात लावू नये. हरिकेनच्या दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेला लँडिंग लाइट असतात. त्यांच्या काचेभोवती राहिलेली फट याच गोंदाने बुजवता येते.

चौकटींसाठी ब्रश सोडून मास्किंगकडे, म्हणजे रंग नको तेथे टेप लावून झाकण्याकडे, वळावे. हार्डवेअरच्या दुकानातील टेप जाड असतो आणि त्याचा गोंद काचेवर राहतो; मॉडेलसाठी मिळणारा पिवळा पातळ टेप घ्यावा. तोसुद्धा थेट रिळावरून काचेवर लावू नये, कारण रिळाच्या कडेला धागे आणि कचरा चिकटलेला असतो. आरशाच्या तुकड्यावर टेप लावून नव्या पात्याने त्याच्या एक-दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, प्रत्येक चौकटीच्या आतल्या कडेला त्या बसवून टूथपिकने दाबाव्यात आणि मधली जागा टेपच्या तुकड्यांनी भरावी. सर्जिकल दुकानातील ११ नंबरचे पाते यासाठी उत्तम असते. दिवा बाजूने ठेवला की चौकटीची उठावाची रेघ स्पष्ट दिसते. आधी कॉकपिटच्या आतला करडा-हिरवा रंग फवारावा आणि त्यावर कॅमोफ्लाजचा, म्हणजे आतून पाहिल्यावर चौकट आतल्याच रंगाची दिसते. मॅट वार्निशही टेप काढण्यापूर्वीच मारावे. टेप निघाल्यावर मारले तर इतके घासून मिळवलेली चमक एका फवाऱ्यात जाते.

गुजरीतला कारागीर

माझा व्यवसाय दागिन्यांचा आहे आणि विमानांचा नाद मुलामुळे लागला, त्यामुळे मी फक्त बारीक भागांबद्दल लिहितो. पिटो नळी मोडते याचे कारण हात नसून पदार्थ आहे. एवढ्या बारीक जाडीचे प्लॅस्टिक टिकतच नाही. मेडिकलमधून ३१ गेजची इन्सुलिनची सुई आणावी. तिची बाहेरची जाडी सुमारे ०.२६ मिलिमीटर असते, म्हणजे १ : ७२ मध्ये प्रत्यक्षातील साधारण १९ मिलिमीटर. पक्कडीने कापल्यास तोंड चेपते, म्हणून सुई काचेवर ठेवून त्रिकोनी कानशीच्या धारेखाली गोल फिरवावी आणि खाच पडल्यावर मोडावी. पिटो हरिकेनच्या डाव्या पंखाखाली असते. तेथे पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) ०.३ मिलिमीटरचे भोक पाडून नळीचे मूळ आत बसवावे. नुसत्या चिकटवलेल्या जोडाला कधीच बळ नसते, हे आमच्याकडे शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यात कळते. येथे सुपर ग्लूचा कण चालेल, कारण काच दूर आहे आणि जागा उघडी आहे.

हरवलेल्या तोफनळीचा शोध सोडून द्यावा आणि चारही नव्या कराव्यात, नाहीतर एक वेगळी दिसेल. पितळेच्या दोन नळ्या एकात एक घालाव्यात आणि बुडाशी तांब्याची केसाएवढी तार जवळजवळ गुंडाळावी, म्हणजे या विमानावरच्या हिस्पानो तोफेची उघडी स्प्रिंग हुबेहूब दिसते. चिमटा सराफी कामाचा घ्यावा. स्वस्त चिमट्याची टोके दाब दिल्यावर एकमेकांवरून घसरतात आणि भाग उडतो तो त्याच वेळी. आम्ही मांडीवर कातडे बांधून बसतो, म्हणजे पडलेला सोन्याचा कण त्यात राहतो; तुम्ही जुनी चादर टेबलाला पिनांनी अडकवून तिची दुसरी कड कमरेला बांधलीत तरी चालेल.

उद्यमनगरकर

कानसवाला यांच्याशी मी काचेबाबत सहमत आहे, पण चौकटींबाबत नाही. हरिकेनच्या हुडवर इतके छोटे चौकोन असतात की टेप कापण्यात दोन संध्याकाळी जातात आणि एका ठिकाणी पाते घसरले की काचेवर कायमची रेघ उठते. मी कोऱ्या पारदर्शक डिकल कागदावर (ज्यावरचा पातळ थर पाण्यात भिजवून सरकवता येतो) आधी करडा-हिरवा आणि त्यावर बाहेरचा रंग फवारतो, स्टीलच्या पट्टीला लावून त्याच्या अर्धा ते पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या कापतो आणि त्या पाण्याने काचेवर सरकवून बसवतो. आधी उभ्या, मग आडव्या. पट्टी वाकडी बसली तर ओल्या ब्रशने सरळ होते, जे रंगाच्या बाबतीत शक्य नाही. पुढच्या विंडस्क्रीनच्या जाड चौकटीला मात्र टेपच बरा.

दुसरी गोष्ट, हुड उघडा दाखवण्याचा मोह टाळावा. हरिकेनचा हुड मागे सरकून धडाच्या पाठीवर येतो. किटची काच एक मिलिमीटर जाड असेल तर या प्रमाणात ती ७२ मिलिमीटर जाड ठरते, त्यामुळे मागे सरकवलेला हुड पाठीवर टेकण्याऐवजी टोपीसारखा वर राहतो. उघडाच हवा असेल तर किटच्या काचेत आतून एम-सील भरून तिचा साचा करावा, प्लायवूडमध्ये त्याच आकाराचे भोक पाडून त्यावर अ‍ॅसिटेटचा पातळ कागद ठोकावा, तो गरम करून साचा वरून एका दमात दाबावा. पहिले पाच-सहा फुकट जातात.

अँटेनाची तार ओढण्यापूर्वी आपण निवडलेल्या विमानाचे छायाचित्र पाहावे. जुन्या एचएफ (उच्च वारंवारतेच्या) रेडिओला कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीपर्यंत तार असे. व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ आल्यावर नुसता खांब राहिला. स्पर्धेत मी ती तार हौसेने ताणून लावली होती आणि परीक्षकांनी पहिला गुण तेथेच कापला.

कानसवाला

डिकलच्या पट्ट्यांची पद्धत चांगली आहे, हे मान्य. वार्निशमध्ये बुडवलेल्या काचेवर त्या अधिक नीट बसतात. लावण्याचा क्रम मी लिहायचा विसरलो होतो. विमान उलटे असतानाच चाकांचे पाय आणि त्यांची झाकणे लावावीत आणि पंखांखाली दोन काडेपेट्या ठेवून दोन्ही बाजू समान उंचीवर वाळू द्याव्यात. विमान सरळ केल्यावर तोफा, मग पंखांच्या टोकांचे दिवे, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, त्यानंतर काच. पंख्याच्या पात्यांची पिवळी टोके खऱ्या विमानावर ४ इंचांची असतात, म्हणजे येथे १.४ मिलिमीटर, अनेक जण ती दुप्पट रंगवतात. आरसा, अँटेनाचा खांब आणि पिटो सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर विमान हातात धरण्यासारखी जागाच उरत नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाच तास फ्रीझरमध्ये ठेवल्यावर काच अखंड सुटली आणि आतल्या बाजूला, कानसवाला यांनी म्हटल्याप्रमाणे, माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. पॉलिश आणि वार्निशनंतर ती नव्यासारखी नसली तरी कॉकपिटमधल्या आसनाचे पट्टे मोजता येतील इतकी स्वच्छ झाली आहे. हुड बंदच ठेवणार आहे. डिकलच्या पट्ट्यांपैकी उभ्या बसल्या असून आडव्या आज रात्री बसवीन. तोफांची तार जुन्या इअरफोनमधून काढली. पिटो नळी कापून कुपीत ठेवली आहे, पण ती लावीन गणपतीनंतरच. घरी पाहुण्यांची चार मुले येणार आहेत आणि विमानाचे कपाट त्यांच्या हाताच्या उंचीवर आहे.