नागपुरात ग्राफिक्स कार्ड घेताना आधी वॅट पाहा, फ्रेम नंतर

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

माझं मत ठाम आहे, भांडायला तयार आहे. नागपूरच्या माणसाने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला गेमची चित्रं काढणारा भाग, निवडताना पहिला आकडा वॅटचा पाहावा. फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा, नंतर.

कार्डांच्या चाचण्या होतात २१ ते २५ अंशांच्या खोलीत. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत गर्मी सोडत राहतो. कूलर नसेल तर खोलीत ४० अंश सहज. आता पंख्याचा वेग तोच, लोड तोच, तर कार्ड खोलीच्या तापमानावर जेवढं चढायचं तेवढंच चढतं. म्हणजे त्यांच्या २५ अंशांत ६८ दाखवणारं कार्ड माझ्याकडे ८३ वर जाणार. तेवढ्यात पंखे ओरडायला लागतात, आणि तरी आवरलं नाही की चिप स्वतःच वेग कमी करते. मग पैसे कशाचे मोजले? याच शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. आपल्याकडे खोलीचं तापमान ही तळटीप नसते.

जुन्या कार्डाने दुसऱ्याच उन्हाळ्यात खडखड सुरू केली. संध्याकाळी सातला चालणारा गेम दुपारी तीनला अडखळायचा. कंपनीचं नाव घेत नाही, दोष अर्धा माझ्या काचेच्या कॅबिनेटचाही होता.

सध्या दोन कार्डांवर घोळ चालू आहे. एक आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, १८० वॅट. दुसरं आरएक्स ९०७० एक्सटी, ३०४ वॅट. दुसरं कितीतरी वेगवान आहे हे मान्य, पण १२४ वॅट जास्तीचे म्हणजे गेम चालू असेपर्यंत खोलीत न विझणारे दोन जुने पिवळे बल्ब. मी पहिल्याकडे झुकलोय. काय म्हणता?

बुटीबोरी_नाइटशिफ्ट

भाऊ, तू वॅटचा आकडा वाचून राहिला, पण तो कमाल आकडा आहे. कार्ड तेवढे खाईलच असं कोणी लिहून दिलं?

माझ्याकडे तेच ३०४ वालं आहे. सॉफ्टवेअरमध्ये वॅटची मर्यादा खाली ओढून २१५ च्या आसपास बांधून ठेवलं आहे. फ्रेम गेल्या शंभरातल्या दहाएक. पंख्याचा आवाज मात्र ऐकू यायचाच बंद झाला. यामागे जादू नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, आणि शेवटची थोडीशी गती काढायला कंपनी व्होल्टेज भरमसाट चढवते, कारण परीक्षणाच्या तक्त्यात शेजारच्या कार्डाच्या एक ओळ वर दिसायचं असतं. ती शेवटची ओळ आपण सोडून द्यायची.

आणि हे पण बघ. मोठ्या कार्डावरचा हीटसिंक, म्हणजे चिपची गर्मी ओढून घेणारी धातूची पाती, ३०० वॅट झेलायला बनवलेला असतो. त्याच्यातून २१५ जातात तेव्हा तो झोपा काढत असतो. तुझं छोटं कार्ड मात्र १८० ला आपल्या छोट्या हीटसिंकवर जीव तोडून धावेल. त्यात आवाज कोणाचा जास्त?

तू जो सल्ला देऊन राहिला तो लोकांना हळू कार्ड विकण्याचा आहे.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

मोठं घ्यायचं आणि बांधून ठेवायचं, म्हणजे बुलेट घेऊन वर्धा रोडवर चाळीसने जायचं. बांधून ठेवण्यासाठी जे पैसे जास्तीचे द्यायचे ते कोण देणार?

शिवाय माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे. त्याची खरी ताकद ३६० वॅट. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की मला पाच मिनिटं फाइल सेव्ह करायला हवीत. १८० चं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर त्यात कसेबसे बसतात. तुझं कार्ड बसत नाही.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट

यूपीएसचा मुद्दा खरा आहे, तो घेतो. उलट जोडतो: मोठी कार्डं क्षणभरासाठी लिहिलेल्या वॅटच्या बऱ्याच वर उडी मारतात. सरासरी ३०० असली तरी यूपीएसला तो झटका दिसतो आणि तो पीं करून बसतो.

बुलेटचं उदाहरण मात्र चुकलं. मी चाळीसने जात नाही, ऐंशीने जातो. तुझी गाडी साठलाच थरथरते.

मुलाखत_आणि_माइक

तुम्ही दोघंही अंशात बोलताय. मला डेसिबलमध्ये बोलायचं आहे.

मी घरी आवाज रेकॉर्ड करते. धरमपेठेतली जुनी इमारत, जाड भिंती, उन्हाळ्यातही त्यामानाने थंड. माझ्या दृष्टीने कार्डाचा एकच गुण आहे: ते तोंड मिटून बसतं की नाही. पंख्याचा वेग चाळीस टक्क्यांनी वाढला की आवाज साधारण सात डेसिबलने वाढतो. दहा डेसिबल वाढले की कानाला तो दुप्पट वाटतो. म्हणजे कार्ड ७० अंशांवरून ६५ वर आणण्याच्या हौसेपोटी पंखे पळवले, तर अंश पाच कमी झाले आणि माझं रेकॉर्डिंग वाया गेलं. चिपला ७० काय आणि ७५ काय, काही फरक पडत नाही. मला पडतो.

एक गोष्ट परीक्षणात कोणी नीट सांगत नाही. बहुतेक नवी कार्डं साधारण पन्नास अंशांच्या खाली पंखे पूर्ण थांबवतात. थंड देशात हे छान. आपल्याकडे मेमध्ये नुसता ब्राउझर उघडा असला तरी कार्ड त्या उंबरठ्यावरच असतं. मग पंखे सुरू, पंखे बंद, सुरू, बंद. सतत हळू फिरणारा पंखा मेंदू विसरतो, हा चालू-बंदचा खेळ विसरता येत नाही. मी ती सोय बंद करून पंखे कायम तीस टक्क्यांवर ठेवले, तेव्हा सुटले.

आणि दुसरा आवाज पंख्याचा नसतोच. वीज नियंत्रित करणारी कॉइल बारीक किणकिणते. गेमच्या मेनूत फ्रेम तीन-चारशेवर जातात तेव्हा सगळ्यात जास्त. फ्रेमला मर्यादा घातली की बरीच बसते. त्रिमूर्तीनगरवाले दादा, तुमचा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवतो? ६० चा असेल तर तुम्ही दोघं ज्या फ्रेमवरून भांडताय त्यातल्या अर्ध्या दिसतसुद्धा नाहीत.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

७५ हर्ट्झ. हसू नका.

कूलरची_ताटी

हा सगळा धागा वाचून एक प्रश्न पडला. तुमच्या घरी कूलर नाही का बे?

आवाजाची एवढी चर्चा चालली आहे. मार्च संपता संपता खिडकीत डेझर्ट कूलर बसतो, त्यात वाळ्याची ताटी, पंप घरघरतो, पंखा धडधडतो. त्याच्यासमोर कार्ड ओरडलं काय आणि गाणं म्हटलं काय. आमच्या घरी कूलर चालू असताना आई जेवायला बोलावते तेव्हा फोन करते.

पण गंमत बाजूला. उष्णतेचं गणितसुद्धा कूलरमुळे उलटतं. डेझर्ट कूलर तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा आत ढकलतो आणि दार उघडं असेल तर तेवढीच बाहेर काढतो. त्या हवेत ३०० वॅट मिसळले तर खोली किती तापेल? मी हिशेब केला: पाव-तीनदशांश अंश. बस. ज्या दोन पिवळ्या बल्बांची भीती मूळ पोस्टमध्ये घातली आहे ते दाराबाहेर निघून जातात. शिवाय कूलरची हवा तीसच्या आसपास येते, म्हणजे कार्डाला आत घ्यायला ४० ची नाही, तीसची हवा मिळते. मे महिना कार्डासाठी वाईट नाही भाऊ.

वाईट महिना कोणता ते सांगतो. पाऊस लांबला की जुलै, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर. हवेत दमटपणा, कूलर काढून माळ्यावर टाकलेला, दारं-खिडक्या डासांमुळे बंद. तेव्हा ते ३०० वॅट खोलीतच बसतात. तेव्हा कार्डाचा आवाजही ऐकू येतो, कारण कूलर नसतो.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

हे मी पाहिलंच नव्हतं. ऑक्टोबरचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा झाला ना? तेव्हा १८० हवेत की ३०० हवेत?

आणि कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवायचा? ओल लागून बोर्ड जाईल.

सीताबर्डी_सोल्डर

ओलीची भीती काढा डोक्यातून. पाणी थंड वस्तूवर जमतं, गरम वस्तूवर नाही. चालू कार्ड खोलीपेक्षा गरमच असतं, त्यावर दव बसत नाही. थेट फवारा उडेल इतकं जवळ ठेवू नका एवढंच. कूलरचा खरा त्रास वेगळा. ओलसर हवेत धूळ चिकट होते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती नमद्यासारखी बसते. ब्लोअर मारून निघत नाही, ब्रश लागतो.

मी दुरुस्तीत आहे, म्हणून तुमच्या वॅट-फ्रेमच्या वादात न पडता टेबलावर काय येतं ते सांगतो. जून लागला की पंखे मेलेली कार्डं यायला लागतात. चिप क्वचितच मेलेली असते. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्यातलं तेल गर्मीत सुकतं, मग खडखड, मग पंखा जाम. बॉल बेअरिंगचा पंखा गर्मीत जास्त टिकतो, पण थोडा आवाज जास्त करतो. धरमपेठच्या ताईंना तो आवडणार नाही. मी मात्र नागपुरात बॉल बेअरिंगच घ्या म्हणेन.

दुसरं. एकाच चिपची चार-पाच मॉडेलं बाजारात असतात. दोन पंख्यांचं आखूड, तीन पंख्यांचं लांब. चिप तीच, फ्रेम जवळपास त्याच. लोक स्वस्तातलं आखूड घेतात आणि मग कार्ड गरम होतं म्हणतात. ज्यांना १८० वालं घ्यायचं आहे त्यांनी त्यातलंच सगळ्यात जाड हीटसिंकचं घ्यावं. बुटीबोरीवाल्यांचा मुद्दा अर्धा तिथेच मिळतो: कमी वॅट आणि मोठा हीटसिंक. फक्त घेण्याआधी कॅबिनेटमध्ये फूटपट्टी घालून पाहा. गेल्या वर्षी एक पोरगा ३३ सेंटिमीटरचं कार्ड घेऊन आला, जागा ३० ची. हार्ड डिस्कचा पिंजरा कापून बसवलं.

तिसरं, सॉफ्टवेअरचा आकडा एकच पाहू नका. सरासरी ७५ आणि सगळ्यात तापलेला बिंदू १०५ असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सरकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. दोन्हींत पंधरा-वीस अंशांचा फरक चालतो. तीसचा नाही.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट

सोल्डर दादा बोलले ते बरोबर, पण "अर्धा मुद्दा मिळतो" यावर मी खूश नाही. समज, एखादं ठरलेलं लांब काम आहे. छोट्या कार्डावर जे पाच तास चालतं ते वेगवान कार्डावर तीन तासांत संपलं असं धर. पाच तास १८० वॅट म्हणजे ९०० वॅट-तास. तीन तास २१५ म्हणजे ६४५. मग जास्त गर्मी खोलीत कोणी सोडली? काम ठरलेलं असेल तर वेगवान कार्ड कमी तापवतं. वॅट बघू नका, कामाला लागणारे युनिट बघा.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

ठरलेल्या कामाला हे लागू आहे. गेमला नाही. मी दोन तास खेळायला बसलो की दोन तासच खेळतो, कार्ड वेगवान आहे म्हणून सव्वा तासात उठत नाही.

मुलाखत_आणि_माइक

पण फ्रेम ७५ ला बांधल्या तर तोही हिशेब लागू होतो ना? मोठं कार्ड ७५ फ्रेम अर्ध्या ताकदीत काढेल. छोटं पूर्ण ताकद लावेल. मूळ पोस्टमधले ३०४ मग कधी दिसणारच नाहीत.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

हं. याला उत्तर शोधतोय.

मनीषनगर_एसी

खोलीत एसी लावा, विषय संपला.

कूलरची_ताटी

बरोबर, तुमच्याकडून पहिलं बिल येईपर्यंत संपला. बंद खोलीत कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून ४५० वॅट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता उचलतो, त्यातला आठवा हिस्सा कॉम्प्युटरचीच घाण काढण्यात जातो. म्हणजे कार्डाची वीज भरा, आणि ती बाहेर फेकण्याचीही भरा.

बिलाचंही सांगून टाकतो, कारण कोणीतरी काढणारच. १८० आणि ३०४ मधला फरक रोज चार तास धरला तर महिन्याला १५ युनिट. फार नाही. पण उन्हाळ्यात ज्यांचं घर २९० युनिटवर येऊन थांबतं त्यांनी ३०० ची पायरी लक्षात ठेवावी.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

ठीक आहे. वॅट आधी हे मी मागे घेत नाही, पण "कमाल वॅट" असं नाही, "मी बांधून ठेवणार ते वॅट" असं म्हणायला हवं होतं. यूपीएस बदलायचे पैसे आत्ता नाहीत, त्यामुळे १८० वालंच, पण सोल्डर दादा म्हणतात तसं तीन पंख्यांचं. काचेचं कॅबिनेट काढतोय, जाळीचं घेतोय.

सोल्डर दादा, आमच्या रस्त्यावर सिमेंट रोडचं काम चालू आहे, धूळ बेसुमार. जाळीला आतून मच्छरदाणीचं कापड लावलं तर हवा अडेल का?

सीताबर्डी_सोल्डर

नायलॉनची विरळ मच्छरदाणी लावा, सुती नको. हवा थोडी अडते, चालतं. पुढचे दोन पंखे आत घेणारे ठेवा आणि मागचा एकच बाहेर काढणारा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. दर रविवारी काढून झटका.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट

आणि ऑक्टोबरमध्ये पंख्यांचा आवाज आला तर इथे येऊन सांग. मी माझ्या कार्डाचा आवाज रेकॉर्ड करून टाकतो, शेजारी ठेवून ऐक.

मुलाखत_आणि_माइक

रेकॉर्ड करताना कूलर बंद करा तेवढं.