बीर-बिलिंग : टेकऑफवरून परत पाठवलं, उद्या पुन्हा जावं का?

ठाण्याची_नीला
आईबाबांना घेऊन हिमाचलात बीरला आले आहे. बाबा साठी ओलांडलेले, पण टँडम पॅराग्लायडिंगची, म्हणजे पायलटसोबत एकाच ग्लायडरवर उडायची फार हौस. आज दुपारी जीपने 14 किलोमीटर वर बिलिंगला गेलो. बाबांना हार्नेस (ग्लायडरला जोडणारे पट्टे) चढवलं, हेल्मेटचा पट्टा आवळला, मागे गवतावर कापडी ग्लायडर पसरलेला. पायलटची नजर मात्र विंडसॉकवर, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर. आधी तो फुगलेला होता, मग लुळा पडला आणि एकदम उलटा फिरला. मागे धौलाधारच्या डोंगररांगेवर काळा ढग चढत होता. पायलटने बाबांचे बकल सोडले. "अंकलजी, आज नहीं." उतरताना बाबा एक शब्द बोलले नाहीत.

खाली बुकिंगवाला म्हणतो, उद्या पुन्हा पूर्ण पैसे भरा. दुसरा एक जण म्हणाला, "आमचा पायलट आत्ताही नेईल." उद्या संध्याकाळी दिल्लीची बस आहे. काय करू?

कामशेतचा_वारा
नीलाताई, आज ज्याने नाही म्हटलं त्याच्याबरोबरच उडा. बिलिंगला वारा दरीतून, समोरून यावा लागतो. पाठीमागून आला की ग्लायडर नीट भरत नाही आणि पळायला उतार पुरत नाही. त्यात तो ढग! गडगडाटी ढग खालची हवा वर ओढून घेतो. 2007 साली ऑस्ट्रेलियात एव्हा विस्निएर्स्का ही मुरलेली पायलट अशाच ढगात सापडून 9,946 मीटरपर्यंत खेचली गेली. बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ जमला, नशिबाने वाचली. त्याच वादळात एक चिनी पायलट गेला. "आत्ताही नेईल" म्हणणाऱ्याच्या जीपमध्ये बाबांना अजिबात बसवू नका.

मे महिन्यात ऊन तापलं की दुपारी ढग चढतात, तेव्हा सकाळीच जा.

माधवी_नाशिक
उड्डाणच झालं नाही तर पूर्ण पैसे कसले? जीपभाडं कापून बाकीचे मागा, पावती हातात ठेवून. पायलटचा पर्यटन खात्याचा परवानाही बघून घ्या. बाबांचे गुडघे कसे आहेत? टेकऑफला पायलट थांब म्हणेपर्यंत पळायचं असतं, मध्येच बसकण मारायची नाही. उतरताना तो सांगेल तेव्हा पाय वर.

ठाण्याची_नीला
खूप आभार! तोच पायलट मिळाला, सकाळची जीप ठरली. जीपभाडं कापून बाकीचे पैसे उद्याच्या उड्डाणात धरलेत. गुडघे ठणठणीत आहेत. बाबा आत्ता गेस्टहाउसच्या अंगणात पळून बघतायत आणि आई ओरडतेय. घाटात त्यांना मळमळतं, नाश्ता द्यावा का?

कामशेतचा_वारा
हलका द्या, उपाशीपोटी जास्त मळमळतं. पराठे उतरल्यावर.