आईबापाचं रोजचं बोलणं: तुमच्याकडे काय उरलं?

उपदेश नको, ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. दळणाला पिटाळताना, ताट वाढताना, शेतातून आल्या आल्या घरात जे बोललं जायचं, त्यातलं काय अजून निघत नाही? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलेही असा. अहिराणीत लिहा, लेवा बोलीत लिहा. बोचलेलंही लिहा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या जे म्हणायच्या ते मुलानं, सोपानदेवांनी, टिपलं म्हणून १९५२ साली छापलं गेलं. आपल्या मायचं कोण टिपणार? आपणच.

शिरपूर
आमचा कापूस. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा बाप बांधावरून एवढंच म्हणाला, “पुढला साल देखू.” सायकल मागितली तरी तेच, घराचे पत्रे गळायला लागले तरी तेच. लहानपणी मला ती थाप वाटायची. आज पुण्यात पगार बरा आहे, पण पोरीनं काही मागितलं की तोंडातून आधी “पुढच्या वर्षी बघू” निघतं. बायको म्हणाली, अहो, पैसे आहेत ना? आहेत. पण बापाकडे तेव्हा नव्हते आणि ‘नाही’ म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं, हे मला तिच्या त्या प्रश्नानंतर कळलं.

भुसावळ
वडील रेल्वेत गार्ड. निघताना दारात मोठ्यानं म्हणायचे, “शिट्टी, झेंडी, बत्ती.” मी दुबईत मोबाईल, चावी, पाकीट चाचपताना तेच म्हणतो. शेजारच्या मल्याळी माणसालाही पाठ झालंय.

यावल
मला चांगलं काही आठवत नाही, माफ करा. केळीचा भाव ठरताना व्यापाऱ्यासमोर मी काही बोलले की वडील म्हणायचे, “तुले काय समजते त्यातलं?” आज बँकेत शेतीकर्जाचं काम बघते. मीटिंगमध्ये आकडा तोंडपाठ असतो, तरी बोलायच्या आधी क्षणभर घसा अडतो. बढती झाली, वाक्य तिथंच आहे. मे महिन्यात पारा चढला की फळपीक विम्याचं काय झालं, हे वडील मलाच फोन करून विचारतात. मी सगळं नीट सांगते. राग गेलाय असं मात्र नाही.

धुळे
सगळ्यांचे आईबाप असं लक्षात राहण्यासारखं बोलायचे का हो? आमचे दादा फक्त “लाईट बंद कर” म्हणायचे. हॉटेलातून निघतानाही मी सगळी बटणं बंद करून येतो.

नंदुरबार
माय उठता-बसता म्हणायची, “लोके काय म्हनतीन?” मी आंतरजातीय लग्न केलं, तेव्हा हेच वाक्य आडवं आलं. हे वाचून काल तिला फोन केला. म्हणे, मी असं कधी बोललेच नाही, ते तुझी आत्या म्हणायची. आता आत्याला विचारायचं बाकी आहे.